रोझमेरीचं बी आणि आपला पावसाळा

गेल्या काही वर्षांत रोझमेरी मराठी घरांत दोन वाटांनी शिरली. एक वाट स्वयंपाकघराची: भाजलेले बटाटे, घरी केलेला पाव, मुलांचा पिझ्झा. दुसरी न्हाणीघराची: केस गळतात म्हणून रोझमेरीचं तेल, रोझमेरीचं पाणी. पहिल्या वाटेने आलेल्यांना चार काड्या पुरतात, दुसऱ्या वाटेने आलेल्यांना अख्खं झुडूप लागतं. मग नर्सरीतून रोप येतं. थंडीत ते छान दिसतं, उन्हाळा कसाबसा काढतं आणि ऑगस्टच्या सुमारास खालून काळं पडत जातं. त्यानंतर घरातलं कुणीतरी बियांचं पाकीट मागवतं, मोठ्या कुंडीत सगळं बी एकदम पेरतं, रोज पाणी घालतं आणि पंधरा दिवसांनी काहीच उगवलं नाही म्हणून त्याच कुंडीत कोथिंबीर लावतं.

या दोन्ही अपयशांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. आपला हात तुळशीवर बसलेला असतो. सकाळी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी, ही सवय इतकी मुरलेली की गॅलरीतल्या प्रत्येक कुंडीला तोच न्याय लागतो. गंमत अशी की रोझमेरी तुळशीच्याच कुळातली आहे. पुदिना, सब्जा, पानांचा ओवा हीसुद्धा त्याच गोतावळ्यातली. कोवळी काडी दोन बोटांत फिरवून पाहिली तर चौकोनी लागते, फुलाला दोन ओठ असतात आणि पान चुरगळलं की वास येतो. पण तुळस आपल्या पावसात वाढलेली आहे, रोझमेरी नाही. आडनाव एक असलं तरी रीतभात वेगळी.

तिचं माहेर भूमध्य समुद्राच्या काठचं. स्पेन, इटली, दक्षिण फ्रान्स, समुद्रापलीकडे मोरोक्को आणि अल्जीरिया. तिथल्या चुनखडीच्या उघड्या उतारांवर, मातीचा थर जेमतेम वीतभर असतो अशा ठिकाणी ती आपोआप उगवते. तिथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा कडक आणि कोरडा, जवळजवळ बिनपावसाचा. म्हणजे तिला पाणी मिळतं ते थंडीत, आणि उकाडा असतो तेव्हा हवा कोरडी असते. आपल्याकडे नेमकं उलटं: उष्णता, दमट हवा आणि पाऊस हे तिन्ही जून ते सप्टेंबर हातात हात घालून येतात. रोझमेरीच्या बाबतीत आपण जे जे काही करायचं, ते या उलट्या पंचांगाशी तडजोड म्हणून. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी माणसांना ही सगळी धडपड अनाकलनीय वाटते, कारण तिथलं हवामान भूमध्य समुद्राकाठचंच आहे आणि रोझमेरी रस्त्याकडेला कुंपणासारखी वाढते.

झाड ओळखायचं तर एक पान चिमटीत धरून उलटं करा. वरून ते सुईसारखं, गर्द हिरवं आणि कडक. खालून पाहिलं तर दोन्ही कडा आत दुमडलेल्या असतात आणि त्या दुमडीच्या मधल्या पन्हळीत पांढरी लव दाटलेली असते. पानाची श्वास घेण्याची छिद्रं याच लवेत दडलेली असतात. ऊन वरच्या गुळगुळीत बाजूवर पडतं, वारा कडेवरून निघून जातो, आणि छिद्रांतून सुटणारी वाफ लवेत अडकून राहते. भिंग असेल तर तेलाच्या बारीक ग्रंथीही दिसतात. पान चुरगळल्यावर जो वास येतो तो त्या फुटल्यामुळे. त्यात निलगिरीच्या तेलातलं सिनिओल असतं आणि कापूरही असतो, त्यामुळे देवघराची आठवण झाली तर ते उगीच नाही.

असं पान असलेलं झाड पाणी कमी पितं. त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर कुजवणारी बुरशी सहज बसते. बी पेरण्यापासून पावसाळा काढण्यापर्यंतची सगळी खटपट ही या एका गोष्टीभोवती फिरते.

आता प्रश्न, बीच कशाला? एकच झुडूप हवं असेल तर नर्सरीतून चांगलं रोप आणा किंवा कुणाकडून तरी काडी मागून घ्या. बी सावकाश उगवतं, कमी उगवतं, आणि स्वयंपाकाला बेताने पानं खुडता येतील इतकं झुडूप व्हायला वर्ष सहज जातं. स्वस्त म्हणून बी लावणाऱ्यांनी हा नाद सोडावा. पण बियांत एक गोष्ट आहे जी काडीत नाही. काडीपासून केलेली सगळी रोपं म्हणजे एकाच झाडाची पुनरावृत्ती; आई ज्या हवेत टिकली नाही, त्या हवेत लेकही टिकत नाही. बियांपासून आलेलं प्रत्येक रोप मात्र थोडं वेगळं असतं. वीस रोपं केली तर एखाद्याची पानं रुंद, एखादं सरळसोट वाढणारं, एखादं पसरणारं, एखाद्याला कापराचा वास जास्त. त्यातली काही पावसाळ्यात जातील आणि काही राहतील. जी राहतील ती तुमच्या गॅलरीची, तुमच्या पाण्याची, तुमच्या गावच्या हवेची रोपं. माझ्या मते बी लावण्याचं खरं कारण हे आहे: निवड. पुढची वाढ काडीवरून करता येते.

याच कारणाने ‘टस्कन ब्लू’सारख्या नामांकित जातीचं बी म्हणून कुणी पाकीट विकत असेल तर त्या नावाला फार महत्त्व देऊ नये. अशा जाती काडीनेच टिकवल्या जातात. बियांतून येईल ते त्या जातीसारखं असेलच असं नाही.

बी दिसायला तपकिरी, लांबट गोल, तुळशीच्या बीपेक्षा मोठं, आणि एका टोकाला फिकट ठिपका असलेलं. या कुळातल्या प्रत्येक फुलाच्या तळाशी चार दाण्यांची जागा असते. तुळशीच्या मंजिरीत ते चार दाणे सहसा भरतात, रोझमेरीत मात्र पुष्कळ दाणे पोकळच राहतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय भरलेल्या दाण्यांचा जोमही लवकर उतरतो. त्यामुळे शंभरातल्या तीस बिया उगवल्या तरी बरं म्हणायचं. पाकिटावर बी भरल्याची तारीख नसेल तर घेऊ नका. असेल तर याच वर्षीची पाहा. पाण्यात टाकून तरंगणारं बी फेकून द्या, असं सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका, कारण कोरडं चांगलं बीसुद्धा सुरुवातीला तरंगतं.

पाकिटाचा भरवसा वाटत नसेल तर आधी दहा बिया ओल्या टिश्यूपेपरच्या घडीत ठेवून छोट्या डब्यात बंद करा. डबा उन्हात नाही, पण उजेडात. दहाव्या दिवसापासून रोज एकदा उघडून पाहा. तीन आठवड्यांत दोन-तीन बियांना पांढरं मूळ फुटलं तर पाकीट चालण्यासारखं आहे, आणि मग किती पेरायचं याचा हिशेब आपोआप कळतो: दहा रोपं हवी असतील तर चाळीस-पन्नास बिया. मूळ फुटलेलं बी चिमट्याने अलगद उचलून ट्रेमध्ये ठेवता येतं, वाया जात नाही.

पेरायचं केव्हा, हे सगळ्यात महत्त्वाचं. तिच्या माहेरी बी उन्हाळ्यात झडतं आणि शरद ऋतूतल्या पहिल्या पावसावर रुजतं. रोपटं सौम्य हिवाळाभर मुळं पसरतं आणि कोरडा उन्हाळा यायच्या आत पाय रोवून उभं राहतं. आपल्याकडे त्या शरद ऋतूच्या जवळ जाणारा काळ म्हणजे दिवाळीनंतरचा. पाऊस गेलेला, ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला, दिवसाचं ऊन कोवळं. रोझमेरीचं बी साधारण १५ ते २१ अंश सेल्सिअसला उत्तम रुजतं. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबर योग्य. विदर्भ-मराठवाड्यात नोव्हेंबरच बरा. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री फार गार पडतात आणि रुजणं रेंगाळतं. मुंबई, कोकण, गोवा इथे डिसेंबरपर्यंत थांबा. जूनमध्ये, म्हणजे एरवी आपण सगळं काही पेरतो तेव्हा, रोझमेरी पेरू नका. नोव्हेंबरात पेरलेल्या रोपाला पहिल्या पावसाआधी सहा-सात महिने मिळतात. त्याला जगायला ते लागतातच.

पेरणीसाठी खोलगट सीडलिंग ट्रे घ्या, किंवा आइस्क्रीमच्या डब्याला तळाशी भरपूर भोकं पाडा. त्यात भरायला निम्मं चाळलेलं, धुतलेलं कोकोपीट आणि निम्मं पर्लाइट. पर्लाइट नसेल तर जाडसर वाळू. नदीची वाळू आता सहज मिळत नाही आणि बांधकामाची क्रश सँड आणली तर तिच्यात दगडाची बारीक पूड असते. ती मिश्रणात सिमेंटसारखी बसते. म्हणून वाळू चाळून, वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुवा. शेणखत, गांडूळखत या टप्प्यावर अजिबात नको. बियाला खत लागत नाही, बुरशीला लागतं.

मिश्रण आधीच ओलं करून घ्या. मुठीत घट्ट दाबल्यावर एखादाच थेंब निघावा, इतपत. प्रत्येक कप्प्यात दोन-तीन बिया वरच ठेवा आणि बोटाच्या टोकाने हलक्या दाबा. उजेड मिळाला तर हे बी बरं रुजतं, तेव्हा खोल पुरायचं नाही. वरून बारीक वाळू भुरभुरवली तर तीही बी जेमतेम झाकेल इतकीच. ट्रेवर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिकचा कागद सैल ठेवा, आणि ट्रे अशा जागी जिथे भरपूर उजेड आहे पण दुपारचं थेट ऊन नाही. झाकणाखाली ऊन पडलं तर आतली हवा काही मिनिटांत तापते.

पाणी वरून घालायचं नाही. बी हलकं असतं, धारेने वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. शिवाय वरचा थर सतत चिकचिकीत राहतो. स्वयंपाकघरातली जुनी परात घ्या, तिच्यात बोटाच्या एका पेराइतकं पाणी ओता आणि ट्रे तिच्यात ठेवून पाहत राहा. सुकलेल्या मिश्रणाचा वरचा रंग फिकट असतो. पाणी खालून चढू लागलं की आधी कप्प्यांच्या कडा गडद होतात, मग तो गडदपणा मध्याकडे सरकतो. मधला शेवटचा फिकट ठिपका गेला की ट्रे उचलायचा. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग ट्रे तिरका धरून जास्तीचं पाणी निथळू द्या. वरचा रंग पुन्हा फिकट दिसेपर्यंत परातीला हात लावायचा नाही. थंडीत झाकणाखाली हे चार-पाच दिवसही चालतं.

मग वाट पाहा. पहिली बी साधारण दोन आठवड्यांनी डोकं वर काढते. बहुतेक महिनाभरात उगवतात, आणि काही आळशी दीड महिना घेतात. पंधराव्या दिवशी माती उकरून पाहणाऱ्यांनी किती बिया मारल्या असतील याची गणती नाही. पेरल्याची तारीख ट्रेवर लिहून ठेवा. मनाला धीर राहतो.

उगवलेलं रोप पहिल्यांदा रोझमेरीसारखं दिसतच नाही. बारीक देठावर दोन इवलीशी गोलसर पानं, बस्स. ती बीजदलं. गॅलरीत वाऱ्याने आलेल्या कुठल्याही तणाचं रोप असंच दिसू शकतं, त्यामुळे घाईने उपटू नका. त्यानंतरची जोडी अरुंद, टोकदार येते. पुढची तिच्याशी काटकोनात. त्यातलं एखादं पान हळूच बोटाने चोळून बोट हुंगा. तोच वास असेल तर तण नाही.

पहिलं रोप दिसलं की झाकण कायमचं काढा. बाकीचं बी अजून रुजायचं आहे म्हणून झाकण ठेवण्याचा मोह होतो, पण बंद, ओल्या हवेत रोपं कोलमडतात. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं असतं. जवळून पाहिलं तर मातीलगतचा देठ पिचून दोऱ्यासारखा झालेला. ही मर. एकदा पडलेलं रोप उठत नाही आणि शेजारच्या कप्प्यांकडे ती सरकते, तेव्हा तो कप्पा मातीसकट काढून टाका. औषधापेक्षा वारा कामाचा. ट्रे खिडकीत हलवा, पाण्याच्या पाळ्यांमधलं अंतर वाढवा. खबरदारी म्हणून पेरतानाच मिश्रणात ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची पूड मिसळली तर चांगलंच. झाकण निघालं की रोपांना सकाळचं कोवळं ऊनही हळूहळू सुरू करा. उजेड कमी पडला की ती लांबट, पोपटी होतात आणि स्वतःच्या भाराने वाकतात.

यानंतरचे दोन महिने कंटाळवाणे असतात. वर फारसं काही घडत नाही, खाली मुळं वाढत असतात. जानेवारीत रोपं बोटाच्या दोन-तीन पेरांएवढी दिसली तर निराश होण्याचं कारण नाही. प्रत्येक कप्प्यात एकच दणकट रोप ठेवा, बाकीची मुळाशी कात्रीने छाटा. उपटलीत तर शेजाऱ्याची मुळं सुटतात.

चार-पाच जोड्या पानं आली की कुंडीत हलवायचं. इथे एक गोष्ट आपल्या अंदाजाच्या उलट जाते. पुढे मोठं होणार आहे म्हणून रोप थेट बारा इंची कुंडीत लावू नये. एवढ्याशा रोपाची मुळं थोडी. ती ओढतात तेवढं पाणी संपतं, आणि भोवतालची सगळी माती आठवडाभर ओली बसून राहते. आधी चार इंची कुंडी, ती मुळांनी भरली की सहा-सात इंची, मग पुढची. दर वेळी दोन-तीन इंचांची वाढ. आणि कुंडी मातीचीच. तिच्या अंगातून पाणी उडतं, ती उचलून पाहिली तर ओली की कोरडी ते वजनावरून समजतं. गेरू लावलेला चालतो. तेलरंग दिलेल्या कुंडीची छिद्रं बंद झालेली असतात, ती प्लास्टिकसारखीच वागते. खाली ताटली नको. विटांच्या दोन तुकड्यांवर कुंडी उचलून ठेवा म्हणजे तळाचं भोक मोकळं राहील.

आता मातीचं. देशावरची काळी माती अल्कधर्मी असते आणि रोझमेरीला तशी जमीन मानवते, म्हणून कुणी कुंडीत निव्वळ काळी माती भरतं. पण ती भिजली की चिकट होते, दिवसेंदिवस पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळून मुळं तोडते. कुंडीत काळी माती घालायचीच तर एक-चतुर्थांशाच्या वर नको. कोकणातली जांभ्याची तांबडी माती निचऱ्याला चांगली, पण आम्लधर्मी; तिच्यात मूठभर अंड्याच्या कवचांची पूड किंवा थोडा शेतीचा चुना मिसळा. माझं नेहमीचं मिश्रण असं: दोन भाग साधी बागेची माती, दोन भाग धुतलेली जाड वाळू आणि विटांचा चुरा मिळून, एक भाग मुरलेलं गांडूळखत. कोकोपीट आता नाही, किंवा अगदी नावापुरतं. नर्सरीतली रोपं बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेली असतात. पावसात त्या गोळ्याचा गाभा ओलाच राहतो आणि एकदा पार सुकला तर पुन्हा पाणी शोषत नाही, कडेने वाहून जाऊ देतो. बोअरवेलच्या जड पाण्याने कुंडीवर पांढरे डाग पडतात. बाकी झाडांसाठी ती चिंतेची बाब असेल, रोझमेरी मनावर घेत नाही.

रोप वीतभर झालं की वरचा शेंडा नखाने खुडा. खालच्या पेरांतून दोन-चार फुटवे येतात आणि काडीचं झुडूप व्हायला लागतं. खुडलेला शेंडा बटाट्यावर टाका, पहिलं पीक म्हणून. खत वर्षातून दोनदा, मूठभर गांडूळखत. जास्त नत्र मिळालं की वाढ लुसलुशीत होते, वास उतरतो आणि कीड बसते.

उन्हाबद्दल एक गोष्ट गॅलरीवाल्यांनी समजून घ्यावी. या झाडाला रोजचं सहा तास ऊन हवं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आत खोलवर येतं आणि रोपं खूश असतात. पण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली आहे. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मग जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारी तो उत्तरेकडेच असतो. म्हणजे डिसेंबरात उन्हाने न्हालेली तीच दक्षिणेची गॅलरी जूनमध्ये सावलीत जाते, नेमकी पाऊस सुरू होताना. अशा वेळी कुंडी पूर्वेच्या खिडकीत किंवा गच्चीवर हलवता आली पाहिजे. कुंडी लहान ठेवण्याचा हाही एक फायदा.

एप्रिल-मेमध्ये उन्हापेक्षा तापलेली कुंडी जास्त त्रास देते. विदर्भात, जिथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथे दुपारची सावली हवीच. शिवाय लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरली तर मुळं भाजत नाहीत. पाणी सकाळी, तळातून निथळेपर्यंत, आणि मग दोन पेरं खोल बोट घातल्यावर कोरडं लागेपर्यंत पुन्हा नाही. फक्त पूर्ण विसरू नका. तुळस तहानली की मान टाकते, पाणी घातलं की तासाभरात उठते. रोझमेरीचं पान कडक असल्याने ती मान टाकत नाही. ती हिरवी दिसत राहते आणि एक दिवस हात लावल्यावर पानं चुरचुर गळतात. तोवर झाड जाऊन आठवडा झालेला असतो.

आता पावसाळा. इथे तिची परीक्षा आहे, आणि आपलीही. पहिलं काम जूनच्या आधी करायचं: खालच्या, मातीला टेकणाऱ्या फांद्या काढा, मधली गर्दी विरळ करा, म्हणजे झुडुपातून वारा वाहेल. छाटताना पानं असलेल्या भागातच छाटा. जून झालेल्या, बिनपानांच्या लाकडातून ही सहसा पुन्हा फुटत नाही. दुसरं काम जागेचं. कुंडी अशी ठेवा की पाऊस तिच्यावर पडणार नाही पण उजेड आणि वारा मिळेल: पत्र्याच्या पन्हाळीखाली नव्हे, तर भिंतीच्या आडोशाला, पागोळ्यांपासून हातभर आत. गच्चीवर पारदर्शक पत्र्याचा तुकडा चार काठ्यांवर उभा केला तरी पुरतं. प्लास्टिकने सगळीकडून झाकू नका. आतली कोंदट हवा पावसाहून वाईट.

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुंबईत त्याच्या तिप्पट. पुण्यात आडोसा मिळाला की बहुतेक रोपं निभावतात. मुंबई-कोकणात आडोशाखालीही हवाच इतकी ओली असते की दोन-तीन आठवडे पाणी न घालताही कुंडी सुकत नाही. तिथे गळ जास्त होणार हे धरून चालावं, म्हणूनच वीस-पंचवीस रोपांनी सुरुवात करावी.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट. जास्त पाण्याने मुळं कुजली की झाडाला पाणी वर ओढता येत नाही. मग पानांची टोकं तपकिरी होतात, शेंडे मलूल दिसतात, म्हणजे इतर तहानलेल्या झाडांसारखीच सगळी लक्षणं. घरातलं कुणीतरी दयेने तांब्याभर पाणी घालतं आणि प्रकरण संपतं. म्हणून शेंडा मलूल दिसला की पाण्याकडे नाही, कुंडीकडे हात न्या. उचलून पाहा. जड असेल तर रोप मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा, काळी-मऊ मुळं कापा, कोरड्या वाळूमिश्रित मातीत परत लावा आणि आठवडाभर सावलीत, बिनपाण्याचं ठेवा. निम्म्याहून अधिक मुळं काळी असतील तर झाडाचा नाद सोडून वरच्या चांगल्या शेंड्यांची कलमं करा.

पानांवर पांढरी पूड दिसली तर भुरी आहे, वारा वाढवा आणि त्या फांद्या काढा. पेरांत कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर जुन्या टूथब्रशने घासून काढा, जास्त असतील तर साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल मिसळून फवारा, आठवड्याने पुन्हा. बाकी किडी या वासाला फारशा फिरकत नाहीत.

ऑक्टोबरात जी रोपं उभी आहेत ती खरी. आता त्यांच्यावर जोमाने नवी वाढ येते आणि पानं मोकळ्या हाताने खुडता येतात, एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त नाही. केसांसाठी लावणाऱ्यांना इथे थोडं थांबवावंसं वाटतं. ज्या अभ्यासाचा सगळीकडे बोलबाला झाला तो इराणमधला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला: केसगळतीचे १०० रुग्ण, सहा महिने, रोझमेरीचं तेल विरुद्ध २ टक्के मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचं औषध. तीन महिन्यांत कुठल्याच गटात लक्षणीय फरक दिसला नाही, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस थोडे वाढले. नुसतंच निष्क्रिय औषध दिलेला तिसरा गट त्यात नव्हता. आणि ते तेल होतं, पानं उकळलेलं पाणी नव्हे. अर्क काढून तेल मिळवायला किलोकिलोने पाला लागतो आणि त्यातून एखादा टक्काच तेल निघतं. गॅलरीतल्या चार कुंड्या त्याला पुरणार नाहीत. खोबरेल तेलात सुकी पानं मुरवून लावायला हरकत नाही, वास छान येतो. त्याला औषध म्हणू नये इतकंच.

टिकलेल्या झाडांची काडी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात लावा. फार कोवळी नाही, फार जून नाही, बोटभर लांबीची आणि वाकवली तर मोडण्याआधी लवचीक वाटणारी. पेराच्या किंचित खाली धारदार ब्लेडने कापा, खालची निम्मी पानं काढा आणि ओल्या वाळूत किंवा पर्लाइटमध्ये खोचा. सावली, उजेड, पाणी तेच परातीतून. चार ते सहा आठवड्यांत मुळं येतात. काडी हळूच ओढून पाहिल्यावर तिने धरून ठेवलं तर समजायचं. दोन वेगळ्या झाडांच्या काड्या एकाच ट्रेमध्ये लावणार असाल तर नावपट्टी आधी खोचा, कारण पावसाळा काढलेल्या झाडाची काडी कुठली आणि शेजाऱ्याने दिलेली कुठली हे महिन्याभराने पाहून ओळखता येत नाही.